मैत्रिणीची गोष्ट

४ सप्टेंबर, गुरुवार

आजही चहा चिरंजीवांनीच केला! ट्रे घेऊन आला, प्रत्येकीला साखर किती ते विचारलं, आणि मुली नेहमीप्रमाणे पाघळल्या. "मॅडम, असा मुलगा वाढवायचा कसा, यावर एक पेपरच ठेवा अभ्यासक्रमात," असं कोणीतरी म्हणालं. मॅडम हसल्या. मान जरा ताठ झाली त्यांची. का होऊ नये? दर गुरुवारच्या बैठकीला आम्ही सात-आठ जणी त्यांच्या घरी सतरंजीवर बसून बायकांच्या वाट्याला काय काय येतं ते बोलतो, आणि आत ओट्याशी त्यांचा पंचविशीतला लेक आमचे कप विसळत असतो. बोलणं आणि वागणं एकाच छपराखाली! कोणाच्या नशिबी असतं?

मी मॅडमच्या उजव्या हाताला बसते. चिरंजीवांचं आणि माझं जमलं म्हणून नाही हं—त्याच्या कितीतरी आधीपासून. कॉलेजात आले तेव्हा वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मॅडमनीच हाताला धरून इथे आणून बसवलं. "तू बोल. चुकलीस तरी बोल." आज मला चार माणसांत बोलता येतं ते त्यांच्यामुळे. आईनंतर तुझं कोण, असं कोणी विचारलं तर मी त्यांचंच नाव घेईन.

निघताना जिन्यात चिरंजीवांनी मनगट धरलं. "मगाशी त्या दोघींकडे बघून का हसलीस?" माझं उत्तर संपेपर्यंत धरून ठेवतो. दुखत नाही. म्हणजे—तसं दुखत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

गुरुवारपासून बोललेला नाही. फोन उचलत नाही. आपलं काय चुकलं ते मी आठवत बसले आहे. वकीलबाई—माझ्या खोलीत राहते, बैठकीलाही येते; कायदा शिकते, म्हणून वकीलबाई—म्हणाली, "आरोप न सांगता शिक्षा देणारं कोर्ट मी अजून पाहिलं नाही बाई."

१० सप्टेंबर, बुधवार



दुसऱ्या शहरातल्या एका संशोधनाच्या कामावर माझं नाव जवळजवळ पक्कं होतं. कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या, सहा महिने तिथेच राहायचं. आज तिथल्या संशोधक बाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "आता बरं वाटतंय ना? तुमच्या घरच्यांनी कळवलं, तब्येतीमुळे जमणार नाही म्हणून. आम्ही दुसरीला घेतलं."

माझ्या घरचे? माझ्या घरी फक्त आई आहे. आणि आईला मी मागे लागून फोन करायला लावला तरी ती अनोळखी माणसाशी बोलत नाही.

त्याला विचारलं. लपवलंसुद्धा नाही त्याने! "मीच केला फोन. तुला झेपलं नसतं. आणि तुला 'नाही' म्हणता येत नाही, हे तूच बैठकीत सांगितलंस ना? मग तुझ्या वतीने मी म्हटलं. यात तुझ्या स्त्रीवादाच्या विरुद्ध काय आहे, सांग बघू."

आणि हे विचारलं कोणाला? मला! वादविवादात बक्षिसं घेणारीला!

त्याला सोडायला हवं. एवढं कळतं, मी काही अगदीच दूधखुळी नाही. पण त्याला सोडलं की ते घर सुटलं. मॅडम सुटल्या. आपल्या लेकाला सोडून गेलेल्या मुलीला कोणती आई शेजारी बसवेल? खरं सांगायचं तर त्याच्यावर माझं मन उरलेलं नाही. माझा जीव अडकलाय तो त्याच्या आईत.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज एक उद्योग करून ठेवला. "माझी एक मैत्रीण आहे," असं म्हणून बैठकीत सगळं सांगून टाकलं. संशोधनाच्या जागी नोकरीची मुलाखत घातली. बाकी सगळं तसंच—मनगट, अबोला, परस्पर केलेला फोन. मैत्रिणीची गोष्ट म्हणजे स्वतःचीच, हे सतरंजीवरच्या प्रत्येकीला ठाऊक असतं. मॅडमनाही. मला तेच हवं होतं. त्यांनी ओळखावं. मला तोंडाने सांगायची वेळ येऊ नये.

बैठकीचा नियम असा की सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. आज मॅडमनीच तो मोडला. चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाल्या, "तिला सांग, सोड त्याला. उद्या नाही, आजच. आणि अबोला हीसुद्धा मारहाणच असते. फक्त वळ दिसत नाहीत." मला रडूच कोसळणार होतं. किती बरोबर! किती स्वच्छ!

पण त्या बघत होत्या कोणाकडे? वकीलबाईकडे! तिचं गेल्या महिन्यात मित्राशी वाजलं होतं, त्यावरून मॅडमनी आपला तर्क बांधला. वकीलबाई—जिचं मनगट कोणी धरलं तर ती त्याचंच मोडून त्याच्या हातात देईल—खाली मान घालून बसून राहिली. माझ्यासाठी. मॅडमनी पाठीवरून हात फिरवला तेव्हा तिने डोळेसुद्धा टिपले. नाटकी कुठली!

तेवढ्यात चिरंजीव ट्रे घेऊन बाहेर आले. आतून सगळं ऐकलं होतं त्याने. कप ठेवता ठेवता म्हणाला, "आईचं बरोबर आहे. असल्या माणसाजवळ एक दिवससुद्धा राहू नये."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. टोमणा नव्हता. धमकी नव्हती. त्याला मनापासून तसं वाटत होतं. त्याने स्वतःला ओळखलंच नाही! आणि मॅडमनी त्याच्याकडे बघितलं ते किती कौतुकाने!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वकीलबाई म्हणते, निकाल लागलाय, आता अंमलबजावणी कर. तिचं काय जातं बोलायला.

१५ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं. कॉलेजात, मॅडमच्या खोलीत, दार लावून. त्या पेपर तपासत होत्या. मी बसलेसुद्धा नाही. "मॅडम, ती मैत्रीण म्हणजे मी."

लाल पेन तसंच हातात. "पण तुझं तर आमच्या—" म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं त्यांचं त्यांनाच कळलं असणार. तोंडावरचा रंग उतरला.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग त्या बोलायला लागल्या, आणि ते मॅडमचं बोलणंच नव्हतं. "तो हळवा आहे गं, लहानपणापासून." "त्याला मनातलं बोलून दाखवता येत नाही." "फोन नको होता करायला, मी रागवेन त्याला." "तू समजूतदार आहेस." असली वाक्यं कोणी बैठकीत उच्चारली असती तर मॅडमनी पिसं काढली असती तिची!

मी म्हटलं, "अबोला ही मारहाणच असते, असं तुम्हीच म्हणालात." तर टेबलाकडे बघत म्हणाल्या, "त्याचे बाबाही असेच. पंधरा-पंधरा दिवस बोलत नसत. अजूनही. मी काढले ना दिवस?"

मॅडमचे यजमान! आम्ही येतो तेव्हा ते आतल्या खोलीत असतात, कधी बाहेर येत नाहीत. आम्ही सगळ्या त्यांना शांत स्वभावाचे समजत होतो.

मला मॅडमचा राग यायला हवा होता. आलाही असेल. पण त्याहून जास्त त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. "येते," म्हणून बाहेर पडले.

वकीलबाई ऐकून म्हणाली, "दिव्याखाली अंधार." मी तिच्यावर खेकसले. मॅडमना कोणी काही बोललेलं मला अजून खपत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

संपवलं. बसथांब्यावर, भर गर्दीत. मुद्दाम. गर्दीत तो आवाज चढवत नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आईला काय वाटेल, याचा विचार केलास?" बरोब्बर दुखऱ्या जागी बोट! मी म्हटलं, "केला. इतके दिवस तोच करत होते." मग बस आली. भलतीच बस होती, तरी चढले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गेले नाही. साडेपाचला चपला घातल्या होत्या. परत काढल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

आईला फोनवर सांगितलं. मग सुरू झाली. "एवढं चांगलं घर! बाईंच्या मायेच्या हाताखाली राहिली असतीस. सगळेच पुरुष थोडेफार तसे असतात गं. एवढ्या-तेवढ्यावरून कोणी मोडतं का?"

"एवढ्या-तेवढ्यावरून" ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी तोंडही धुतलं नव्हतं, तोच आईचा फोन. "डोळ्याला डोळा लागला नाही माझा. मी काल खोटं बोलले. सगळे नसतात तसे. तुझे बाबा नव्हते."

बाबांचं नाव आई सहसा काढत नाही. ते गेले तेव्हा मी शाळेत होते. दोघी रडलो फोनवर, चांगल्या पोटभर. मग नाक ओढत म्हणाली, "ती दाढ दुखत होती, ती दाखवलीस का डॉक्टरला?" आई ती आईच!

९ ऑक्टोबर, गुरुवार

माझा प्रबंध आता दुसऱ्या सरांकडे. विभागाच्या शिपायाने निरोप आणला. मॅडमनी स्वतः सांगितलंसुद्धा नाही. कारण काय, तर कामाचा भार फार झालाय. मी भार!

सर सज्जन आहेत. माझं प्रकरण चाळलं आणि म्हणाले, "छान, चालू द्या." मॅडमनी पानापानावर भांडण काढलं असतं. "हे तू कशावरून म्हणतेस? कोणती बाई म्हणाली असं तुला?" मला ते भांडण हवंय. आता चालू दिलं काय आणि न दिलं काय.

तो गेला याचं काहीच वाटत नाही. लाज वाटावी इतकं काहीच वाटत नाही. पण त्या गेल्या, आणि अन्न गोड लागत नाही. मित्र सुटला म्हणून रडणाऱ्या मुलीला डोकं ठेवायला मांडी मिळते. मित्राची आई सुटली म्हणून रडणारीला कोण विचारतं? वकीलबाईसुद्धा म्हणाली, "अगं, सुटलीस! पेढे वाटायचे सोडून रडतेस काय?" ती बैठकीला अजून जाते. मीच म्हटलं, जा. निदान आल्यावर मॅडम काय म्हणाल्या ते तरी कळतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कॉलेजच्या जिन्यात समोरासमोर आलो. बाजूला व्हायला जागा नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "बारीक झालीस."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी पुस्तकं या हातातून त्या हातात घेतली. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण मागून मुलांचा घोळका धडधडत आला, आणि त्या पुढे गेल्या. मी मात्र दिवसभर तेवढंच घेऊन बसले. 'बारीक झालीस'. नीट बघितल्याशिवाय कोणाला दिसतं का तसं?

८ जानेवारी, गुरुवार

वकीलबाई बैठकीहून आली ती पाय आपटतच. चिरंजीवांनी नवी मुलगी आणलीय. पहिल्या वर्षाची. हुशार आहे म्हणे, आणि फार लाजरी. मॅडम तिला शेजारी बसवून घेतात. तिला बोलतं करतात.

वाटलं, तिला गाठून सगळं सांगून टाकावं. मग वाटलं, ती म्हणेल ही जळते. आणि खोटं कुठे आहे? जळतेच आहे मी! पण त्याच्यावरून नाही. मॅडमनी आणखी कोणाला "चुकलीस तरी बोल" म्हणावं, हे सहन होत नाही. किती हलकी झालेय मी. बिचारी पोर तिथे अडकतेय आणि मी इथे मॅडमशेजारच्या जागेवरून कुढतेय.

मॅडम तिला सांगतील का? नाही सांगणार. दातही आपले, ओठही आपलेच. माझ्यापाशीसुद्धा त्यांना लेकाचं खरं बोलता आलं नाही, तर त्या पोरीला कुठून सांगणार? आज पहिल्यांदा खरा राग आला त्यांचा. इतका, की त्यांच्याकडून आणलेली दोन पुस्तकं कपाटाच्या वर टाकून दिली. मग खुर्चीवर चढून परत काढली आणि पुसून ठेवली.

१५ जानेवारी, गुरुवार

आज मी वकीलबाईला बैठकीचं काहीच विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

वाचनालयात एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. "ताई, मी—" एवढंच बोलली, पण मी ओळखलं. बाही बोटांपर्यंत ओढून घेतली होती तिने. म्हणाली, काल मॅडमना विचारलं की तुमचा मुलगा माझ्याशी असं का वागतो. मॅडमनी माझं नाव, माझा वर्ग, मी कुठे बसते, सगळं सांगितलं तिला. "म्हणाल्या, मी त्याची आई आहे, माझ्या तोंडून खरं निघायचं नाही. तिच्याकडे जा. ती मला घाबरली नाही."

मी शेजारची खुर्ची ओढली. म्हटलं, बस.