एकदाच फिरवलेलं लोहचुंबक

प्रिय आई,

पार्सल मिळालं. त्यामागोमाग आलेला तुझा मेसेज मिळाला, नुसत्या प्रश्नचिन्हांचा दुसरा मेसेज मिळाला, आणि बाबांच्या फोनवरून आलेला 'आई विचारते आहे, कुठे आहात दोघी' हाही मिळाला. एकालाही मी उत्तर दिलं नाही, ताईनंही दिलं नाही. तू म्हणत असशील, दोघी बहिणी फुगून बसल्या आहेत. तसं काही नाही. तू विचारलंस ते एवढंच, की बाळाच्या झबल्यावरून एकदा हात फिरवून बघ, टाचणी राहिली नाही ना ते कळव. उत्तर मी देणार आहे, पण पत्राच्या शेवटी. पान उलटून आधी शेवट वाचायचा नाही. तुला मी ओळखते, रहस्यकथेतला खुनी कोण ते आधी बघून मग निवांत पुस्तक वाचणारी बाई आहेस तू.

मला नोकरी लागली तेव्हा शेजारच्या काकूंनी तुला विचारलं होतं, पोरगी काय काम करते. तू म्हणालीस, फोनमधलं काहीतरी करते. घरात पहिल्यांदा कुणी पदवीधर झालं, तिची नोकरीही नीट सांगता येऊ नये म्हणून मला तेव्हा हसू आलं होतं आणि थोडं वाईटही वाटलं होतं. तर आज नीट सांगते. आमचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. जिना चढताना लवंगेच्या तेलाचा वास येतो आणि खालून कुणाचं तरी 'आ' ऐकू येतं. वर एकच लांबट खोली, खिडकीशी माझं टेबल. समोर बसतो तो प्रोग्रामर. त्याचा जाड चष्मा आणि गर्रकन मान वळवायची सवय यामुळे त्याला सगळे घुबड म्हणतात, आणि तोही त्या नावाला ओ देतो. मानसोपचार करणाऱ्या डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो. आणि आम्ही तयार करतो ते ॲप अशा माणसांसाठी आहे, ज्यांच्या मनात एकच शंका पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. हात धुतले तरी धुतले नाहीत असं वाटतं, कुलूप लावलं तरी उघडंच राहिलं असं वाटतं. त्या घडीला ॲपनं माणसाशी काय बोलावं, ती वाक्यं लिहायचं काम माझं.

पहिल्या महिन्यात आम्ही त्यात एक हिरवं बटण ठेवलं होतं. दाबलं की माझ्याच आवाजात ऐकू यायचं, 'काळजी करू नका, सगळं ठीक आहे.' आवाज प्रेमळ यावा म्हणून घुबडानं मला तेच वाक्य सकाळभर म्हणायला लावलं होतं. चाचणीसाठी जी माणसं आली त्यांत एक बस चालवणारे काका होते. बसला कुठे जरासा हादरा बसला की त्यांना वाटायचं, चाकाखाली कुणीतरी आलं. ड्युटी संपली की ते आपली सायकल काढायचे आणि दिवसभर बस नेलेल्या रस्त्यावरून पुन्हा जायचे, कडेकडेनं बघत. घरची माणसं जेवायची थांबायची. त्यांना आमचं बटण फार आवडलं. प्रत्येक सिग्नलला बस थांबली की ते दाबायचे. बाकीच्यांनीही इतकं दाबलं की आम्ही हवेत होतो, घुबडानं तर केक आणला. त्याच दिवशी बाई आल्या. त्यांनी केक खाल्ला, पडद्यावरचे आकडे पाहिले आणि बोटं पुसत शांतपणे म्हणाल्या, "आपण माणसाला बरं करत नाही आहोत, त्याच्या भीतीला जेवू घालतोय."

त्यांनी मग समजावून सांगितलं, की दिलासा मिळाला की क्षणभर बरं वाटतं. मन तेवढंच शिकतं, विचारलं की बरं वाटतं. मग ते पुन्हा विचारतं, आणि दर खेपेला दिलासा आधीपेक्षा लवकर संपतो. घुबड आणि मी केकच्या उरलेल्या तुकड्याकडे बघत बसलो होतो. बाई बोलत होत्या आणि मला मात्र आपलं कापायचं टेबल दिसत होतं.

तुला आठवतं ना, शाळेचे गणवेश शिवायच्या दिवसांत त्या टेबलावर फ्रॉकांची चळत लागायची. एक फ्रॉक पूर्ण झाला की तू त्यावरून लोहचुंबक फिरवायचीस, सरळ, मग उलटं, मग शिवणीशिवणीनं. तरी तुझं समाधान व्हायचं नाही. मग बाबा कॅन्टीनमधून आले की हात धुऊन आपला तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, काही नाही. मग ताई म्हणायची, काही नाही. आणि शेवटी मी, कारण माझी बोटं बारीक, ती गळ्याच्या पट्टीत आतपर्यंत जायची. माझं 'काही नाही' झालं की तू फ्रॉक पिशवीत घालायचीस, आणि गिऱ्हाईक जिना उतरलं की खिडकीतून हाक मारून परत बोलवायचीस. गल्लीत तुला टाचणीबाई म्हणायचे. बाबा म्हणायचे, हिनं माझ्याऐवजी त्या लोहचुंबकाशीच लग्न करायला हवं होतं, सगळं पकडून तरी ठेवतं. सगळे हसायचो, तूही हसायचीस, आणि हसता हसता तुझा हात पिशवीत जायचा. माझ्या पदवीदान समारंभाला तू शिवलेला निळा पोशाख घालून मी मंचावर जायला उठले, तेव्हाही तू मला थांबवून कॉलरच्या आतून बोट फिरवलंस. मागच्या रांगेतल्या कुणाला तरी वाटलं, आई लेकीची दृष्ट काढते आहे.

यात कुणाची चूक होती असं मी म्हणत नाही. बाईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याही म्हणाल्या, प्रेम करणारं घर असंच वागतं. मला त्या दिवशी थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. आम्ही तिघं मिळून रोज संध्याकाळी तुझं हिरवं बटण होतो. मोबाईल हातात यायच्या कितीतरी आधी.

बटण काढलं. बसवाले काका भडकले, फोन करून म्हणाले, तुमच्याकडे होतं तेवढं एकच चांगलं काढून टाकलंत, आता मी काय तुमची चित्रं बघू? खरंच त्या जागी फक्त एक चित्र ठेवलं होतं. शंका आली की ॲप विचारतं, भीती किती आहे, बोटानं दाखवा. बोट वर नेलं की रेघ वर जाते. मग ॲप एक वाक्य म्हणतं, ते लिहायला मला फार वेळ लागला: 'असेलही, नसेलही. मी इथेच थांबतो.' वापरणारी स्त्री असेल तर 'थांबते'. बस्स. थोड्या वेळानं ते पुन्हा विचारतं, आता किती? ना दिलासा, ना उपदेश. पहिल्यांदा वाचलं तेव्हा घुबड म्हणाला, हे काय, हे तर जखमेवर मीठ आहे. मलाही मनातून तसंच वाटत होतं.

आणि एका दुपारी ते काका स्वतः ऑफिसात आले. ही गोष्ट त्यांनीच सांगायला सांगितली आहे, कुणाला उपयोग झाला तर होऊ दे म्हणाले. गणवेशातच होते, खाली दवाखान्यातल्या लोकांना वाटलं बसचे पैसे मागायला आले. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी फोन पुढे धरला. आदल्या दिवशी शाळेजवळच्या वळणावर बस हादरली होती. ड्युटी संपल्यावर ते डेपोच्या फाटकात सायकल धरून उभे राहिले, गेले मात्र नाहीत. रेघ उभी चढत गेली होती, पार पडद्याच्या वरच्या काठाला टेकली होती आणि बराच वेळ तिथेच होती. मग ती जराशी वाकली होती. मग आणखी. मग आपल्या गल्लीचा उतार आहे ना, शाळेतून घरी येताना पाय आपोआप पळायचे, तशी खाली आली होती. काका म्हणाले, "बघ पोरी. उतरली. मी काहीच केलं नाही गं, नुसता उभा होतो."

आई, मी मानसशास्त्राच्या पदवीच्या पुस्तकांत हे वाचलं होतं, त्यावर पानंच्या पानं लिहून गुणही मिळवले होते. पण त्या रेघेकडे बघताना अंगावर काटा आला. भीतीला कुणीतरी हात धरून खाली आणावं लागतं, हेच मी जन्मापासून बघत आले होते. ती आपल्या पायांनी उतरते, हे मला ठाऊकच नव्हतं. एक माणूस फाटकात नुसता उभा राहतो, आत सगळं ओरडत असतं, रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं हा कुणाची तरी वाट बघतोय. एवढं मोठं काम जगात इतकं गुपचूप चाललेलं असतं, आणि आपण त्याच्या शेजारून भाजीची पिशवी घेऊन जातो. घुबडानं चष्मा काढून पुसला. काकांनी आम्हा दोघांना गोळ्या दिल्या, लिंबाच्या, आणि ड्युटीला उशीर होतो म्हणून निघून गेले.

त्यानंतरच मी तुझ्याशी तुझ्या टाचण्यांबद्दल बोलले. तू आधी म्हणालीस, मला काय वेड लागलंय? मग म्हणालीस, शिवणाऱ्या बाईनं काळजी घ्यायची नाही तर कुणी घ्यायची? मग बरेच दिवस फोनवर फक्त पडद्यांच्या कापडाबद्दल बोललीस. आणि एक दिवस बाबांचा फोन आला, आवाज इतका बारीक केलेला की मला वाटलं कुणी आजारी आहे. म्हणाले, तुझी आई तू सुचवलेल्या समुपदेशक बाईंकडे गेली आहे, मला घरात थांब म्हणाली, मी थांबलोय. लहान मुलांचे कपडे शिवणं तू केव्हाच सोडलं होतंस. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं, जिथे टाचणी राहिली तरी कुणाच्या मानेला लागणार नाही तेवढंच. म्हणून ताईनं बाळासाठी तुझ्या हातचं झबलं मागितलं तेव्हा मीच तिला डोळ्यांनी गप्प करत होते. तू हो म्हणालीस.

त्या दिवसाचं सगळं बाबांनी सांगितलं आहे, तू सांगायची नाहीस म्हणून. समुपदेशक बाईंशी तुझं ठरलं होतं, की कुठलीही चांगली शिंपीण फिरवते तसं लोहचुंबक एकदा फिरवायचं आणि ठेवून द्यायचं. तू फिरवलंस. मग ते कपाटावर, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवलंस. झबल्याची घडी घातलीस. बाबांनी सवयीनं तळवा पुढे केला, तर तू त्यांच्या हातात चहाचा कप दिलास. मग फोनवर आमच्या ॲपमध्ये रेघ वर नेलीस आणि पार्सल देऊन, खिडकीकडे पाठ करून बसलीस. बाबा म्हणाले, चेहरा असा झाला होता की मीच हाक मारून त्या पार्सलवाल्याला परत बोलावणार होतो. पण तू 'बसा हो' म्हणालीस, आणि ते बसले. आई, मी त्या काकांना बघून थक्क झाले होते. तुझं मी बाबांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. ज्या खिडकीतून तू अख्ख्या गल्लीला हाका मारल्यास, तिच्याकडे पाठ करून तू बसलीस.

आता तुझं उत्तर. पार्सल उघडलं तेव्हा ताई पलंगावर होती, बाळ तिच्या मांडीवर. पिवळं झबलं, बाह्या किंचित लांब, गळ्याची पट्टी तू करतेस तशी आतून दुमडलेली. तेवढ्यात तुझा मेसेज वाजला. ताईनं तो वाचला आणि तिचा तळवा आपोआप पसरला, माझी बोटंही त्या पट्टीकडे गेली. इतक्या वर्षांची सवय, हातांना कुणी सांगावं लागत नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाळाची आई म्हणून तिचा हक्क पहिला, म्हणून मी हात मागे घेतला आणि थांबले. तिनं झबल्याची घडी मोडली आणि म्हणाली, "आईनं एकदा बघितलंय ना? मग झालं." आणि तिनं ते बाळाच्या डोक्यातून घातलं. तर टाचणी होती का, याचं उत्तर मला माहीत नाही, कारण मी हात फिरवला नाही, ताईनंही नाही. हे मी फोनवर लिहिलं असतं तर ते क्षणात तुझ्यापर्यंत पोहोचलं असतं, आणि हिरवं बटण पुन्हा सुरू झालं असतं. रोज फोनसाठी वाक्यं लिहिणारी मी, म्हणूनच आज कागद घेऊन बसले आहे. टपालाला चार गावं फिरून यायला वेळ लागतो, आणि तुला द्यायला या खेपेला माझ्याकडे तो वेळ एवढीच एक गोष्ट आहे. हे पाकीट तुझ्या हातात पडेल तोवर रेघ काठाला टेकून, वाकून, आपल्या पायांनी खाली आलेली असेल. मी तिला हात लावलेला नसेल. फाडायच्या आधी पाकिटाकडे बघून तुला क्षणभर आठवलंच नाही, की आपण पोरींना काय विचारलं होतं, तर मला फोन कर. तेवढा एक फोन मी ताबडतोब उचलीन. आणि बाह्या दुमडून घेतल्या आहेत, पुढचं झबलं एक बोट आखूड शिव.

तुझीच,
शेंडेफळ