राखणदार आजोबा

१२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू ऑफिसची मंडळी घेऊन घरी राहून गेलास आणि मी नेमकी सासरी! घर पाहुण्यांना भाड्याने द्यायची तुझी कल्पना आता चांगली रुळली आहे. घराचं सगळं पाणी झऱ्याचं, त्याला उसंत मिळावी म्हणून आपण आठवड्याआड पाहुणे घेतो, तेही लोकांना पटतं. आंघोळीचा टब मात्र मी बसवू देणार नाही. तुला डुंबायची हौस असेल तर कुंडात ये, बेडूक वाट पाहताहेत.

काळजी नानांची आहे. पाहुण्यांसाठी त्यांना मागच्या खोलीत हलवायचं मीच सुचवलं होतं, ते आता टोचतं. घर रिकामं असलं तरी ते पुढच्या दारावर टकटक करून आत येतात. काल मी एकटीच होते, तरी चपला हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभे! मी ओरडलेच. म्हणाले, सवय असलेली बरी.

तुझ्या मंडळींपैकी कुणीतरी आपल्या घराच्या पानावर अभिप्राय लिहिलाय. हवा छान, घर स्वच्छ, राखणदार आजोबांनी सगळं सामान चढावरून एकट्याने आणलं. दादा, आपण राखणदार कधी ठेवला? नानांना विचारलं की विषय बदलतात.

माया आहेच, उत्तर लवकर धाडून ती टिकव.
तुझी ठकी

२१ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. लिहायला बसलो की हात अडतो.

नाना आम्हाला घ्यायला खाली रस्त्यापर्यंत आले होते, अंगात तो विरलेला स्वेटर. साहेबांनी विचारलं, हे इथले राखणदार का? मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि साहेबांची बॅग उचलली. हे माझे वडील, असं वर पोचल्यावर सांगू, जेवताना सांगू, म्हणता म्हणता निघायची वेळ झाली. ठकी, मला माझीच किळस येते.

आपण हे भाड्याचं बंद करू. नानांना पुढची खोली परत दे. माझं मात्र त्यांना काही सांगू नकोस.

रागावलीस तरी दादाला अंतर देऊ नकोस.
दादा

२९ मार्च

चि. मोठ्यास,
अनेक आशीर्वाद.

ठकीने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. तिला बोलू नकोस, मीच हट्ट धरला. घर बंद करू नका. पाहुणे आले की अंगणात गलबला असतो, बादलीभर पाण्यात आंघोळ कशी उरकायची ते मीच त्यांना शिकवतो. माझा वेळ बरा जातो.

चूक माझीही झाली. तुझे साहेब येणार म्हणून कोट काढून ठेवला होता. चढावर घामाने खराब होईल, तुमच्याबरोबर जेवायला बसताना घालू, असं ठरवलं. मग तो घालायची वेळच आली नाही.

पुढच्या खेपेला साहेबांना आणशील तेव्हा आधी कळव. मी तुझा कोण म्हणून उभं राहायचं ते लिही, म्हणजे तसे कपडे घालून खाली येतो.

तब्येत सांभाळ, येत जा.
नाना