क्लासी घर, सॅसी मावशी

मंडणगड, बुधवार

चि. दमयंतीस,

ताईचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस असं मागल्या पत्रातही लिहिलं होतं, चढतच असशील. मी ठीक आहे.

तुझ्या संदेशचं लग्न अडलं होतं, ते कशामुळे हे तुला माझ्याकडूनच कळावं. त्याला सांगून आलेली सावर्ड्याची मृणाली इथलं आपलं घर बघून, जेवून गेली आणि एसटीत बसल्या बसल्या तिनं संदेशला कळवलं, ‘घर क्लासी आहे, मावशी सॅसी आहेत.’ तुझ्या दिवट्यानं ते वाडीच्या ग्रुपवर टाकलं. (बोट घसरलं म्हणे. इंजिनिअर ना तो?) आमच्या वाडीचे अध्यक्ष आप्पा, त्यांनी लगेच सभा घेतली. वाडीतल्या एकुलत्या एका बी.ए. बाईला, म्हणजे मला, घराहून वेगळं विशेषण का, याचा खुलासा होईपर्यंत सोयरीक बंद. सगळे माझ्याकडे बघत बसले. क्लासी म्हणजे रुबाबदार, खानदानी, एवढं मी सांगितलं. सॅसीपाशी माझी पदवी संपली. (शब्दकोशाची नेमकी तीच पानं वाळवीनं खाल्लीत.)

मग देवीला कौल लावायचं ठरलं. हरिश्चंद्र गुरवानं मूर्तीला दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर स्तुती, डावी पडली तर अपमान. पण गाऱ्हाणं घालताना तो अडला. “ताई, देवीला मराठीत इचारायला लागतंय, नि त्याचं मराठीच तर आपल्याला ठावं नाय.” तीन तास झाले तरी एकही पाकळी हलली नाही. आप्पा म्हणाले, देवीलाही खुलासा हवाय.

शेवटी मीच मृणालीला बोलावून घेतलं. ती सगळ्या वाडीसमोर बसली आणि बिचकली नाही. म्हणाली, “घर क्लासी, म्हणून खुर्चीवर टेकायची भीती वाटली. मावशी सॅसी, म्हणजे ‘केस बांधून जेव’ असं खडसावलं, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.”

“म्हणजे फटकळ,” आप्पा म्हणाले.

“फटकळ बाईकडे कोण परत येतं, आजोबा? मी आलेय ना?”

मी होकार दिला. तारीख तुम्ही काढा.

तुझी,
ताई

ता. क. मुलीच्या उत्तरावर मी विरघळले असं समजू नकोस. चुलीवर भात होता आणि सभा उठत नव्हती.

आणखी एक. मुलीकडून मला मानाची साडी येईलच. राखाडी नको म्हणावं. क्लासी रंग मी चाळीस वर्षं नेसतेय, या वेळी दुसऱ्या विशेषणाचा चालेल. कुणी विचारलं तर रंग तू निवडलास असं सांग.