सरांचे दोन निवाडे

३ फेब्रुवारी, मंगळवार
दिंडोशी कोर्ट. राणेबाईंचा मनाई अर्ज चालला. दिराने कांदिवलीची खोली परस्पर विकायला काढली आहे, ती थांबवायची. सर झकास बोलले. लेखी युक्तिवाद या वेळी त्यांनी स्वतःच तयार केला, मला हात लावू दिला नाही. आधाराला तीन जुने निवाडे दिले. समोरच्या वकिलाने उघडूनही पाहिले नाहीत. सरांनी दिले म्हणजे असणारच! जजबाई मान डोलावत होत्या. आदेश पुढच्या शुक्रवारी, तोपर्यंत खोली जैसे थे.

राणेबाई बाहेर येऊन सरांच्या पायाच पडल्या. "खोली गेली तर मी खंय जाव, साहेब?" सर म्हणाले, "मी आहे ना." सर हल्ली विसरतात असं मला वाटायचं. उगाच वाटत होतं.

५ फेब्रु., गुरुवार
फाइलला प्रती लावायच्या म्हणून निवाडे शोधले. एक सापडला. दोन कुठेच नाहीत. ऑफिसातले निवाड्यांचे खंड, कॉम्प्युटर, कोर्टाची लायब्ररी, सगळं धुंडाळलं. एकाच्या जागी भलतंच, जमिनीच्या मोबदल्याचं प्रकरण. दुसऱ्या खंडात तेवढी पानंच नाहीत.

आमच्या ऑफिसची रीत अशी की निवाडा द्यायचा तर खंड उघडून पान सरांच्या टेबलावर ठेवायचं. पान पाहिल्याशिवाय सर सही करत नाहीत. ज्युनियर म्हणून आले तेव्हापासून मी पानं दाखवतेय. सरांना 'पान दाखवा' म्हणायचं कधी कुणाच्या मनातही आलं नाही, कारण त्यांना सगळं तोंडपाठ. गाढव आहोत आम्ही.

६ फेब्रु., शुक्रवार
सकाळी बोरिवलीला, सरांच्या घरी. विचारलं. आधी भडकले. "तू मला शिकवणार आता?" मग मुकाट्याने फोन पुढे केला. एआय. मुलीने घालून दिलंय म्हणे. "विचारलं की लगेच सांगतं बघ. नाव, वर्ष, पान. अगदी मी सांगायचो तसं."
"पडताळलंत का?"
चष्मा काढून पुसायला लागले.

वर राणेबाईंची सगळी कहाणी त्यात ओतलेली. नवऱ्याचं पिणं, दिराने केलेली मारहाण, नावासकट. त्या बाईने हे आपल्याला दार लावून सांगितलं होतं! मी बोलले. जरा जास्तच बोलले. मग सर खाली बघत म्हणाले, "विद्या, मला हल्ली आठवत नाही गं काही." मी जिन्यात येऊन रडले.

निघण्याआधी ठरलं होतं: आदेश व्हायच्या आत अर्ज देऊन दोन्ही निवाडे मागे घ्यायचे, माफी मागायची. "मी स्वतः उभा राहून सांगेन," म्हणाले.

९ फेब्रु., सोमवार
बाररूममध्ये शुभाला सांगितलं. ती माझ्याच बॅचची. म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. समोरच्याला कळलं नाही, जजला कळलं नाही, तुला कशाला खाज? सरांची वाट लागेल, यार." मोह झाला. नाही कशाला म्हणू? दुपारभर झाला.

संध्याकाळी राणेबाईंना बोलावून सगळं सांगितलं, त्यांची कहाणी फोनला सांगितली गेली तेही. त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "फोन तर माझ्याकडेय आसा. मगे माका साहेब कित्याक होये होते?" वकील बदलायचा हक्क आहे तुम्हाला, म्हटलं. "नाय. साहेबच होये." हे ऐकून आणखीनच वाईट वाटलं.

११ फेब्रु., बुधवार
आज झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

अर्ज माझ्या हातात. पुकारा झाला. सर उभे राहिले आणि बोलू लागले, छान, खणखणीत. मला क्षणभर कळेचना काय चाललंय. माफी नव्हतीच. पुन्हा युक्तिवाद! तेच खोटे निवाडे, पान क्रमांकांसकट, पुस्तक समोर असल्यासारखे. ठरलेलं सगळं विसरले होते. मी कोट ओढला. "बस खाली," म्हणाले.

मी उभी राहिले. "मॅडम, हे दोन निवाडे अस्तित्वात नाहीत. ते मागे घेण्याचा अर्ज आहे."

सर माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. मी कोण हेच त्यांना उमगत नव्हतं.

जजबाईंनी आदेश पुढे ढकलला. सरांनी प्रतिज्ञापत्र करायचं, असे निवाडे कसे दिले, जाणूनबुजून की कसे. खोलीला पुढच्या तारखेपर्यंतच संरक्षण. राणेबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

रिक्षात सरांनी विचारलं, "आज आपलं मॅटर होतं ना गं? कसं झालं?" झालं, म्हटलं.

१३ फेब्रु., शुक्रवार
काकूंचा फोन, सरांच्या मिसेस. स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात. डॉक्टरांनी दिवाळीतच स्मृतिभ्रंशाचं निदान केलंय. सरांना सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं वयामुळे होतंय. "ते तेवढं लिहू नकोस गं त्या कागदावर. कोर्टभर होईल. तुझ्या पाया पडते."

नाही लिहिलं, तर सरांनी जाणूनबुजून कोर्टाला फसवलं असं होतं. आयुष्यभर ज्या माणसाने पान बघितल्याशिवाय सही केली नाही, तो लबाड ठरणार. लिहिलं, तर वकिलीची सनद कपाटात आणि माणूस घरात. राणेबाईंची खोलीही त्याच प्रतिज्ञापत्रावर लटकलीय. काकूंवर राग येतोय, आणि त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

खरं तेच लिहायचं, एवढं मला ठाऊक आहे. मसुद्यातला तिसरा परिच्छेद, कारणाचा, कोराच आहे.

आत्ताच सरांचा फोन आला. आवाज एकदम ठणठणीत, पूर्वीसारखा. "विद्या, काकू म्हणते काहीतरी प्रतिज्ञापत्र आहे माझं. मसुदा घेऊन ये. सही माझी आहे ना, मी शब्दन् शब्द वाचणार." घेऊन येते, म्हटलं.

"आणि हो," म्हणाले, "कोणाला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस."