सहीच्या आधीचं जेवण

माय, आज कोर्टाच्या व्हरांड्यात मी एका आरोपीच्या बायकोच्या हातचं जेवले. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, भाजी कोणती होती. अंबाडीची होती.

आपल्या गावच्या राइस मिलमधली मोटर चोरीला गेली आणि चौकीदार म्हणून बाबांनाच धरून नेलं, ते दिवस मला आज सारखे आठवत होते. वकील ठेवायची आपली ऐपत नव्हती, म्हणून न्यायाधीशांनी सरकारी खर्चानं वकील दिला. तुझा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र अडून बसले. बालाघाटच्या कोर्टात पेशीला आणलेले बाबा शिपायाशेजारी बाकावर बसलेत आणि वकालतनाम्यावर सही करायला काही तयार नाहीत. "सरकारनंच मले अंदर टाकलं, अन् सरकारच वकील देते. मंग तो माह्याकडून काहून बोलन?" खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला होता, पण त्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नव्हतं.

तुझ्याकडे तुझं उत्तर होतं. आपल्याकडे ज्याच्या घरचं अन्न खाल्लं त्याच्याविरुद्ध कोणी तोंड उघडत नाही. तू घरून डबा आणलास आणि वकीलसाहेबांपुढे उघडलास. ते हात जोडून मागे सरले. "माताजी, आपसे कुछ भी लेना हमें मना है." बाबांना तेवढंच हवं होतं. "पाह्यलं? आपलं अन्न चालत नाही त्याले. तिकडचाच हाय तो."

तू फरशीवर बसलीस. "साहेब, पैसे नोका घेऊ. पन जेवा. तुमी जेवल्याबिगर हे सही नाही करत." वकीलसाहेबांनी बाबांकडे पाहिलं, मग तुझ्यासमोर मांडी घातली आणि भाताचं शेवटचं शीतही ठेवलं नाही. बाबांनी सही केली. आधी जामीन झाला, पुढे केसमधूनही सुटले. तू मात्र जन्मभर एकच सांगत राहिलीस, "लय भुकेले होते बिचारे."

आता मीच तो सरकारी खर्चाचा वकील आहे. आजचे काका खैरलांजीकडचे, चोरीच्याच आरोपात आत. दुपारी जामिनाची सुनावणी आणि त्यांची सही नाही. सहीशिवाय मी उभी कशी राहणार? पगार सरकार देत असलं तरी मी बोलणार तुमच्याच बाजूनं, हे मी हिंदीत सांगितलं, मराठीत सांगितलं. काका "हौ, हौ" म्हणाले आणि पेन खाली ठेवला. "बेटा, तू त सरकारचीच ना." तेवढ्यात काकूंनी डबा उघडला. मी घरून पोटभर जेवून आले होते, तरी फरशीवर बसले. काका माझा घास न् घास बघत होते. मी आणखी भात मागितला तेव्हा त्यांनी पेन उचलला. जामीन झाला आणि संध्याकाळी ते काकूंबरोबर गावाकडच्या बसमध्ये चढले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते माझ्याच बॅगेत राहील. पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी कोर्टात पोचल्यावर तू बाबांना शोधत होतीस आणि मी पाणी प्यायला नळावर गेले होते. तिथे एक काळ्या कोटातले गृहस्थ आपला जेवणाचा रिकामा डबा धूत होते. थोड्या वेळानं तू ज्यांना जेवायला बसवलंस, ते तेच होते, माय.