ह्यांचं स्वतःचं उत्तर

बडोदे,
९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. यामिनीवहिनीस,
सा. न. वि. वि.

काल दादाची ईमेल आली. जूनमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्याच्या एका अक्षराची वाट बघत होते, आणि आलं ते चांगलं पानभर! कौटुंबिक जिव्हाळा हीच आयुष्याची खरी संपत्ती असून मी माझ्या प्रकृतीची काळजी घ्यावी, असं लिहिलंय. भिशीतल्या बायकांना वाचून दाखवलं तर दोघींनी डोळे पुसले. मीही रडले. पण खरं सांगू, रडता रडता जरा चमकलेच. हा माझा भाऊ, इंदूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात हमालांवर ओरडण्यात नोकरी घालवलेला. माझी प्रकृती त्याने आजवर एकाच वाक्यात विचारली आहे, मोटे, जिंदा आहेस का? आजारपणाने माणूस इतका सभ्य होतो?

हृषीकेशचा फोन होता. बाबांनी कायमचं हैदराबादला यायचं कळवलंय म्हणून खूश आहे. संक्रांतीला येऊन घराचा व्यवहार पक्का करीन म्हणाला, गिऱ्हाईक बघून ठेवलंय. चांगलंच झालं, मुलगा-सून जवळ असतील. पण तुझ्या मागच्या पत्रात ह्याबद्दल चकार शब्द नाही. तुझ्या मनात आहे ना? फोनवर विचारत नाही. दादा बाजूलाच बसलेला असतो आणि त्याला कळतं सगळं, हे तूच बजावलं आहेस.

माया आहे तशीच असू दे, उत्तराला मात्र कंजुसी नको.

तुझी नणंद,
अंबिका

---

लोकमान्य नगर, इंदूर,
१६ नोव्हेंबर

चि. सौ. अंबिकास,
अ. उ. आ.

तू चमकलीस हे वाचून हायसं वाटलं. म्हणजे मी एकटीच वेडी नाही. ते पत्र तुझ्या दादाचं नाही गं.

ह्यांचं बोलणं गेलं आणि उजवा हात मांडीवर पडून असतो, हे तुला माहीत आहे. स्पीच थेरपीच्या मॅडमनी डाव्या हाताच्या एका बोटाने संगणकावर लिहायला शिकवलं. ऑगस्टमध्ये पहिला शब्द उमटला, "चाय". मी चहा करायचा सोडून आधी देवाजवळ दिवा लावला. मग संगणकात काहीतरी अपडेट आलं. आता ह्यांनी एक शब्द टाकला की पुढे फिकट अक्षरांत अख्खं वाक्य उभं राहतं आणि एक बटण दाबलं की ते पक्कं होतं. परवा "चाय"चं झालं, कृपया मला एक कप चहा मिळू शकेल का? सगळ्या संसारात ह्या माणसाने मला कृपया म्हटलेलं नाही! हसू आलं, आणि मग भीती वाटली.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट होत्या. एखादी मुलगी अडखळली आणि शेजारणीने हळूच उत्तर पुरवलं, तर त्या शेजारणीला उभं करायच्या. तिला तिचा वेळ घेऊ दे, म्हणायच्या. ह्या यंत्राला कोण उभं करणार?

आता खरी गोष्ट. हृषीने मेलमध्ये विचारलं होतं की कायमचे येणार ना. त्याच्याखाली तीन तयार उत्तरं होती: "हो, नक्की येऊ", "विचार करून कळवतो", "आत्ता शक्य नाही". मी स्वयंपाकघरातून पेजेची वाटी घेऊन येईपर्यंत पहिलं उत्तर गेलेलं होतं. ह्यांनी दाबलं, की बोट थरथरून दाबलं गेलं? विचारलं तर मान हलवतात. पण ह्यांची मान चहा हवा असला तरी हलते, नको असला तरी हलते. मॅडम म्हणाल्या, झटक्यानंतर कधीकधी हो-नाहीची मान भरवशाची राहत नाही, लिहितील तेवढं धरा. आणि लिहिलेलं हे असं!

हृषीला सांगितलं तर तो म्हणाला की तुलाच यायचं नाहीये आई, म्हणून तू मशीनवर शक घेतेस. अगदीच खोटं नाही त्याचं. मला इंदूर सोडवत नाही. पण ह्यांना जायचंच असेल तर मी आज बांधाबांध करीन. फक्त ते ह्यांच्याकडून कळू दे.

ती फिकट अक्षरांची सोय मी एकदा बंद केली, तर पुढच्या अपडेटला दुसरीकडून उगवली. तू बँकेच्या संगणक विभागात होतीस. हे असलं काही नसलेली सिस्टीम मिळते का? संक्रांत जवळ येते आहे, जीव थाऱ्यावर नाही.

तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद पोचव आणि थोडा माझ्यासाठी देवाकडे माग.

तुझी वहिनी,
यामिनी

---

बडोदे,
२४ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मिळते. तिला लिनक्स म्हणतात, फुकट असते, आणि मी निवृत्त झाल्यापासून तीच वापरते आहे. कुणी मधे मधे बोलत नाही, आपण बरं की आपलं काम बरं. सोबत कुरिअरने पेन ड्राइव्ह पाठवते. आधी त्याच्यावरूनच चालवून बघ, संगणकातलं काही पुसलं जात नाही. पटलं तरच आत घालायची, आणि त्याआधी सगळे फोटो दुसरीकडे उतरवून ठेव. एकदा पुसलं की परत येत नाही. पावलापावलाचं लिहून ठेवलं आहे. तुझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीला झेपेल!

आता नणंद आहे, टोचायचा हक्क बजावते. लंगड्या माणसाच्या हातातली काठी, ती त्याचा पाय नाही म्हणून, आपण काढून घेतो का? भिशीच्या बायकांसमोर माझा भाऊ शहाणासुरता वाटला, त्यात त्याचीही काही इज्जत राहिली असेल. अडखळलेलं जगाला दाखवायचं नसेल त्याला. आणि राग मानू नकोस, पण हे तू दादासाठी करते आहेस, की उत्तर "नाही" यावं म्हणून? आधी त्याला विचार.

रागावलीस तरी लिही. रागाचं पत्रसुद्धा मी जपून ठेवीन.

तुझी,
अंबिका

---

इंदूर,
१४ डिसेंबर

चि. सौ. अंबिकास,
अ. उ. आ.

रागावले होते. चार दिवस. मग वाटलं, हे तू नाही तर कोण विचारणार.

ह्यांना विचारलं. समोर बसून सगळं समजावलं, की ती फिकट अक्षरं काढून टाकते, तुमचं तुम्ही लिहा, वेळ लागू दे. ह्यांनी मान हलवली. आता त्या मानेचं काय करू, सांग! मी तिला होकार धरलं. तू म्हणशील सोयीचं धरलंस. असेल.

पेन ड्राइव्हवरून चाललं, म्हणून धीर करून आत घातली. संगणकात पट्टी सरकत होती तेवढा वेळ मी समोरून हलले नाही. फोटो उतरवले होते तरी वाटत होतं की काहीतरी कायमचं पुसते आहे. प्रिंटर अजून बोलत नाही. मराठीची अक्षरंही आधी भलत्याच बटणांवर गेली होती, ती तुझ्या चिठ्ठीवरून जागेवर आणली.

आणि त्यानंतर ह्यांनी लिहिणंच सोडलं. पांढऱ्या पानाकडे बघत बसायचे. एक अक्षर टाकायचे आणि पुढे काही उगवेल म्हणून थांबायचे. काही उगवायचं नाही. मग डाव्या हाताने कळफलक ढकलून दिला. मी आतल्या खोलीत जाऊन स्वतःला बोल लावले. काठीच काढून घेतली मी, तू म्हणत होतीस तेच. जुनी सिस्टीम परत घालून द्यावी असं ठरवून काल सकाळी पोहे घेऊन गेले, तर पडद्यावर होतं, "पोहा फीका. जीरावन".

अंबिका, पोह्यांना नावं ठेवली म्हणून इतका आनंद झालेली बाई साऱ्या माळव्यात मीच असेन. जीरावन मसाल्याची अर्धी डबी ओतली वर. ठसका लागला, मग आणखी लिहिलं, "जादा".

पण हैदराबादचं अजून विचारलेलं नाही. रोज ठरवते आणि पोळ्यांची कणीक भिजवायला निघून जाते. हृषीची तिकिटं झाली आहेत.

माझ्या चुका पदरात घेत आली आहेस, हीही घे.

तुझी वहिनी,
यामिनी

---

बडोदे,
२२ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल दादाची मेल. पूर्ण मजकूर असा: "मोटे जिंदा". प्रश्नचिन्हसुद्धा नाही. मी कुणालाही वाचून दाखवली नाही. काठीबद्दल जे लिहिलं ते मागे घेते.

आता त्याला विचार. हृषीच्या देखत विचार, म्हणजे पुढे कुणी शंका काढणार नाही. आणि वहिनी, जे येईल ते मान. दादा इंदुरात नसेल तर माहेर म्हणून मी कुठे जाऊ? पण आपल्या दोघींना विचारलेलं नाही.

हात हातात आहे असं समज.

तुझी,
अंबिका

---

इंदूर,
१५ जानेवारी २०२६

चि. सौ. अंबिकास,
अ. उ. आ.

काल हृषी आला. तिळगूळ झाला, आणि ह्यांची खुर्ची मी संगणकापुढे नेली. हृषीने बाजूला बसून विचारलं की बाबा, हैदराबादला यायचं का कायमचं, तुमच्या मनात असेल ते लिहा. मी मागे उभी राहिले, चेहरा दिसू नये म्हणून.

ह्यांनी लिहिलं, "जाऊ".

मला वाटलं बोट चुकलं. मी ते पुसलं आणि पुन्हा विचारलं. उलटं करून विचारलं, की इंदुरातच राहू या का. हृषी म्हणाला, आई, असं नको करूस. त्याचं बरोबर होतं. पण मला थांबवेना.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग लिहायला लागले. एकेक अक्षर शोधत, मधे हात मांडीवर ठेवून विसावा घेत. हृषी मधेच शब्द पुरा करून द्यायला लागला तर त्याचा हात बाजूला केला. जसं होतं तसं उतरवते आहे:

"मला नाही जायचं. तू मला उचलते. तुझी कमर गेली. छुपके रडते. जाऊ"

कमरेचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडे भाजीच्या निमित्ताने जाऊन आले होते. बाम लावते तो मोरीचं दार लावून. मला वाटायचं, ह्यांचे शब्द तेवढे हाती आले की इंदूर राहील. शब्द आले.

हृषी उठून गॅलरीत गेला, कितीतरी वेळ आत आला नाही. आल्यावर म्हणाला की घर विकायची घाई करायची नाही, कुलूप लावून जाऊ, भाड्याने देऊ. मी बरं म्हटलं. तिसऱ्यांदा काही विचारलं नाही.

मार्चमध्ये निघतो आहोत. त्याआधी चार दिवस माहेरी येऊन जा, मी हौसेने तुझं सगळं करीन, फक्त पाट उचलायला मदत कर. तोवर पत्रं ह्याच पत्त्यावर टाक. पुढचा पत्ता तुझ्या दादाला लिहू देते, त्याला वेळ लागेल, वाट बघ.

तुझी वहिनी,
यामिनी