जिन्याखालचा सर्व्हर

सर, तुम्ही भुसावळहून आणलेला तो जुना सर्व्हर परवा दुपारी चालू झाला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. पण देवपुरातल्या आपल्या कॉलेजात आता असं कोणी उरलेलं नाही, ज्याला हे सांगितलं तर त्यातलं काही कळेल. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

तो आणला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. कुठलंसं ऑफिस बंद होत होतं, त्यांनी तो देऊन टाकला होता. तुम्ही टेम्पोत केळीची सुकी पानं पसरलीत आणि स्वतः मागे बसून त्याला इथे धुळ्यापर्यंत धरून आणलंत. मी शेवटच्या वर्षाला होते. चौघांनी उचलून तो जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत ठेवला. मी स्क्रीन जोडायची जागा शोधत त्याच्याभोवती दोनदा फिरले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "सापडायची नाही. हा आपल्या पीसीच्या जातीचा नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून केबल लावायची आणि तिथून त्याच्याशी बोलायचं." मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, लॅबमध्ये पीसी आहेत की. तुम्ही चिडलात. "सगळं ओळखीचंच पाहिजे का गं तुला?" ते मला फार लागलं होतं.

त्याच्यावर लिनक्स चढवायचं हे तुमचं स्वप्न. मी लॅब असिस्टंट म्हणून लागले, तीही अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. दोन वर्षं आपण खटपट केली आणि मग तुम्ही गेलात. ऑर्डर मात्र दर वर्षी नव्याने येत राहिली. साक्रीकडे गावी गेले की मी कुरकुरते, आणि आबा म्हणतात, "मंग जाय ना पोरी दुसरीकडे. कोन अडावस तुले?" मी सांगते, सरांना शब्द दिलाय, मशीन चालू केल्याशिवाय जाणार नाही. मास्तरला दिलेला शब्द म्हटल्यावर आबा विषय सोडून देतात.

गेल्या सोमवारी नवे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, ती खोली रिकामी करायचीय. शनिवारपर्यंत चालू करून दाखवा, नाहीतर भंगारात देऊ." मग मी लॅपटॉप घेऊन तिथे जाऊन बसले. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे वीज दिली की तो तारीख तर विसरतोच, नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ताही विसरतो. दर वेळी मी तो हाताने टाइप करून द्यायचा. सीडी त्याला वाचता येईना, म्हणून लॅपटॉपवरून केबलने लिनक्स पाठवलं. नेहमीचं चालत नाही, त्याच्या प्रोसेसरसाठी वेगळं बनवलेलं शोधावं लागलं. बुधवारी ते चढलं एकदाचं. पण रीस्टार्ट केल्यावर त्याला स्वतःचीच डिस्क सापडेना. डिस्कचे भाग मी आजच्या पद्धतीने पाडले होते आणि ती पद्धत त्याला ठाऊकच नव्हती. सगळं पुसून, जुन्या पद्धतीने पुन्हा सुरुवात.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत शिपायाने खोलीला बाहेरून कडी लावली. आत कोणी आहे हे त्याला कळणार कसं? सर्व्हरचे पंखे इतके घरघरतात, की मी दार बडवलं, हाका मारल्या, पण बाहेर काही पोचलं नाही. फोन पर्समध्ये, पर्स लॅबमध्ये, आणि त्या खोलीत लॅपटॉपला इंटरनेट नाही. हवा कोंडलेली, कुर्ता पाठीला चिकटलेला. पहिली दहा मिनिटं मी खरोखर घाबरले. मग खाली फरशीवर बसले आणि पुढची कमांड दिली. आणि सर, मला बरं वाटायला लागलं. बाहेर जाताच येत नाही म्हटल्यावर कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. दीड तासाने शिपायाने कडी काढली. "अरे मॅडम, तुम्ही आत होत्या?" तो कळवळून म्हणाला. माझ्यामागे लॅपटॉपवर लॉगिनची ओळ आली होती, म्हणजे तो चालू झाला होता. माझं लक्ष मात्र उघड्या दाराकडे होतं, आणि ते त्याने पुन्हा लोटावं असं मला वाटलं. त्या वाटण्याची मला अजून भीती वाटते.

प्रमुख येऊन बघून गेले. "छान. पण याचं आता करायचं काय?" खोली त्यांना हवीच आहे, त्यामुळे सर्व्हर सोमवारी भंगारात जाईल.

आता जे सांगायचं ते. मी तुम्हाला कसलाही शब्द दिला नव्हता. तुम्ही माझ्यासाठी पुण्यात नोकरी बघून ठेवली होती आणि "मशीन माझं आहे, त्याची काळजी तू करू नकोस, जा," एवढंच म्हणाला होतात. गेले नाही ती मी. मला पुण्याची भीती वाटली. पुढे तुमच्या तेराव्याला काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "त्यांच्यापायी तू इथे अडकलीस गं, त्यांना माफ कर." मी मान हलवली. माफ केल्यासारखी.

काकू अजून तुमच्या त्याच घरात असतात, कॉलेजपासून पायी दहा मिनिटांवर. खरं तर हे पत्र त्यांना द्यायला हवं. काल फाटकापर्यंत गेले होते. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी रस्ता ओलांडला आणि पलीकडून निघून आले.